ब्रेक दाबला की सायकल हिसके देते : माउंटन बाइकच्या डिस्क ब्रेकची धडधड कशी शोधावी

उतारावर ब्रेक दाबला की लिव्हर बोटाखाली धडधडते आणि सायकल ठरावीक अंतराने हिसके देते. सपाटीवर तेवढं काही जाणवत नाही. ही तक्रार घेऊन दुकानात गेलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, रोटर (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची पातळ चकती) वाकडा झालाय, सरळ करून देतो. पान्याने रोटर इकडेतिकडे वाकवला जातो, चाक फिरवून दाखवलं जातं, घासण्याचा आवाज गेलेला असतो. पुढच्या रविवारी गोव्याकडचा चोर्ला घाट उतरताना धडधड मात्र जशीच्या तशी असते.

याचं कारण असं की रोटर डोलणं (फिरताना डावी-उजवीकडे होणं) आणि ब्रेक धडधडणं हे दोन वेगळे बिघाड आहेत. म्हणून पान्याला हात लावण्याआधी धडधड नेमकी कुठून येते ते शोधायचं. काम अवघड नाही, पण क्रम पाळावा लागतो. तपासणी घरीच होते, फक्त एका मापासाठी कदाचित लेथवाल्याकडे जावं लागेल.

रोटर डोलतो तेव्हा काय होतं, धडधडतो तेव्हा काय होतं

कॅलिपर म्हणजे रोटरला चिमट्यासारखा धरणारा भाग. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या कॅलिपरमध्ये रोटरच्या दोन्ही बाजूंना पॅड दाबणारे पिस्टन असतात आणि दोघांमागचं तेल एकच असतं. रोटर डावीकडे ०.२ मिमी सरकला तर डावा पिस्टन तेवढा आत ढकलला जातो आणि उजवा तेवढाच बाहेर येतो. तेल या बाजूचं त्या बाजूला जातं, एकूण तेल तेवढंच राहतं. त्यामुळे लिव्हरला फारसा पत्ता लागत नाही. नुसत्या डोलणाऱ्या रोटरची खूण म्हणजे ब्रेक सोडलेला असताना येणारा खर्र... खर्र असा घासण्याचा आवाज. ब्रेक घट्ट दाबला की तो बहुधा थांबतो.

रोटरची जाडी सगळीकडे सारखी नसेल तर गोष्ट बदलते. जाड भाग पॅडमध्ये शिरला की दोन्ही पिस्टन एकदमच मागे ढकलले जातात आणि तेल लिव्हरकडे परततं. समजा कॅलिपरचे पिस्टन २२ मिमी व्यासाचे आहेत आणि लिव्हरमधला पिस्टन १० मिमीचा. क्षेत्रफळांचं गुणोत्तर झालं सुमारे ४.८. त्यात लिव्हरची पाचेक पट तरफ धरली तर रोटरवरचा फरक बोटापर्यंत पोचेपर्यंत जवळपास २४ पट होतो. म्हणजे जाडीत ०.०५ मिमी फरक असेल तर लिव्हरचं टोक सव्वा मिलिमीटर मागेपुढे होतं. डोळ्यांना न दिसणारा दोष हाताला इतका स्पष्ट जाणवतो तो यामुळे.

तिसरा प्रकार पॅडच्या थराचा. पॅडमधला पदार्थ रोटरवर अतिशय पातळ थराने बसलेला असणं चांगलंच, त्यानेच ब्रेकला पकड येते. हा थर कुठे दाट, कुठे विरळ झाला की घर्षण जागोजागी बदलतं. लिव्हर फारशी हलत नाही, पण सायकल हिसके देते. दाट थराची जागा जास्त तापते, तापल्याने तिथे आणखी थर बसतो, आणि दोष दर फेरीला वाढत जातो.

केबलवर चालणाऱ्या मेकॅनिकल डिस्क ब्रेकचं गणित थोडं निराळं आहे. स्वस्त सायकलींवर असे ब्रेक सर्रास असतात आणि त्यांत बहुतेक वेळा एकच पॅड हलतो, दुसरा जागेवर स्थिर असतो. रोटर डोलत असेल तर तो स्थिर पॅडवर कमीजास्त दाबला जातो आणि त्याचा हिसका थेट केबलमधून हातात येतो. अशा ब्रेकवर रोटर सरळ करण्याचा उपयोग खरोखर होतो. रोटर सरळ केल्यावर स्थिर पॅड रोटरच्या जवळ आणा. मध्ये साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकीच फट ठेवा.

काय हाताशी ठेवायचं

अ‍ॅलन कीचा संच, टी-२५ स्टार की, शक्य असेल तर छोटा टॉर्क पाना. ०.०१ मिमी वाचणारा मायक्रोमीटर. रंगीत चिकटपट्टी, परमनंट मार्कर, तीन-चार केबल टाय, स्वच्छ सुती फडकी, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, रबरी हातमोजे, साधा मास्क. आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो ९९ टक्के. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे ते मिळतं. हात धुण्याचा सॅनिटायझर त्याऐवजी चालत नाही. त्यात ग्लिसरीनसारखे पदार्थ असतात, ते रोटरवर राहतात आणि नवीन दुखणं लावून देतात.

रोटरला उघड्या बोटांनी हात लावू नका. त्वचेचं तेल आणि सनस्क्रीन दोन्ही पॅडमध्ये मुरतात. फिरत्या रोटरजवळ बोट नेण्याचा तर प्रश्नच नाही, त्याची भोकं बोट कापतात.

पहिली पायरी : रस्त्यावर लक्षण ओळखणं

रहदारी नसलेला, लांब आणि सौम्य उतार निवडा. पणजीतल्या आल्तिनोच्या चढणीसारखा वळणावळणाचा रस्ता या कामाचा नाही. समोर सरळ दिसेल असा रस्ता हवा.

आधी ब्रेक न दाबता २० ते २५ किमी वेगाने जा. धक्के तेव्हाही येत असतील तर बिघाड ब्रेकचा नाहीच. टायर नीट बसला आहे का ते पाहा. ट्यूबलेस असेल तर आतलं सीलंट एका जागी गोळा होऊन घट्ट झालं आहे का तेही पाहा.

मग फक्त मागचा ब्रेक, नंतर फक्त पुढचा. दोन्ही एकदम दाबून काही कळत नाही. पुढचा ब्रेक बेताने दाबा आणि वजन मागे ठेवा.

आता हिसके मोजा. २९ इंची चाकाचा परीघ सुमारे २.३ मीटर असतो. ताशी ८ किमीला चाक सेकंदाला साधारण एक फेरी घेतं, ताशी २५ ला तीन. चाकाच्या फेरीला एकच हिसका येत असेल तर कारण रोटरच्या एका जागेशी बांधलेलं आहे, मग ती जाडी असेल, थर असेल किंवा गंज. फेरीला पाच-सहा किंवा त्याहून जास्त वेळा, घुर्र अशी थरथर येत असेल तर रोटरच्या दांड्या (मधला भाग कडेच्या पट्ट्याला जोडणारे हात), कडेची नक्षी किंवा कॅलिपरची उंची बघावी लागेल. आणि ब्रेक दाबताक्षणी एकदाच टक् असा धक्का बसून पुढे सगळं गुळगुळीत होत असेल तर काहीतरी सैल आहे.

मोजणी अजून पक्की करायची असेल तर सायकलवरून उतरा. रिमवर व्हाल्व्हजवळ रंगीत चिकटपट्टी लावा. सायकल ढकलत चाला आणि ब्रेक अगदी हलका दाबून ठेवा. चाक अडकल्यासारखं वाटेल तिथे व्हाल्व्ह घड्याळाच्या कितीच्या आकड्यावर आहे ते पाहा. दहा फेऱ्यांत दर वेळी व्हाल्व्ह त्याच जागी सापडला तर दोष रोटरमध्ये आहे हे निश्चित. कॅलिपरपाशी त्या क्षणी रोटरचा जो भाग असेल तिथे मार्करने बारीक खूण करा, पॅड लागतो त्या पट्ट्यावर नाही, आतल्या दांडीवर. पुढच्या सगळ्या तपासण्यांना ही खूण उपयोगी पडते.

लिव्हर हलते की फक्त सायकल हलते, हेही याच चाचणीत नोंदवून ठेवा. लिव्हर बोटाखाली मागेपुढे होत असेल तर आधी जाडीवर संशय. लिव्हर स्थिर आणि सायकल ओढ खात असेल तर आधी थरावर.

दुसरी पायरी : सैल काय आहे

ही पायरी अनेक जण ओलांडून जातात, आणि बऱ्याच तक्रारी इथेच सुटण्यासारख्या असतात.

पुढचा ब्रेक घट्ट धरून सायकल मागेपुढे हलवा. दुसऱ्या हाताचं बोट हेडसेटच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या) खालच्या कपाच्या आणि फोर्कच्या फटीवर ठेवा. तिथे हालचाल लागली तर हेडसेट सैल आहे. स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) बाजूचे दोन बोल्ट ढिले करा आणि वरच्या टोपीचा बोल्ट थोडा थोडा आवळा. खेळ जाईल पण हँडल मोकळं फिरेल तिथे थांबा. मग स्टेमचे बोल्ट त्यावर लिहिलेल्या टॉर्कवर घट्ट करा, बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास.

हेडसेट ठीक असेल तर बोट फोर्कच्या आतल्या आणि बाहेरच्या नळीच्या सांध्यावर ठेवा. तिथला खेळ म्हणजे आतल्या सरकत्या कड्या, म्हणजे बुश, झिजलेत, ते काम दुकानाचं. नंतर कॅलिपरवर बोट ठेवा. कॅलिपरच्या आत पॅड जागेवर किंचित हलतात आणि त्यांचा बारीक टक् हा दोष नाही. तो पकडून उगाच हेडसेट आवळत बसू नका, बेअरिंग खराब होईल.

सायकल स्टँडवर घेऊन चाकाचा वरचा भाग धरा आणि आडवं हलवा. हबमध्ये खेळ आहे का? चाक जागेवर धरणारा क्विक रिलीज किंवा थ्रू-अ‍ॅक्सल पुरेसा घट्ट आहे का? पूर्ण सस्पेन्शनची सायकल असेल तर मागच्या सांध्यांचे बोल्टही बघा.

मग ब्रेकचे बोल्ट. शिमानोच्या कॅलिपरचे बोल्ट ६ ते ८ न्यूटन-मीटर, सहा बोल्टवाल्या रोटरचे बोल्ट २ ते ४, आणि सेंटरलॉकची (मधोमध एकाच रिंगने बसणाऱ्या रोटरची) रिंग ४० ते ५०. स्रॅम आपल्या रोटर-बोल्टसाठी ६.२ सांगतं, म्हणून ब्रेक कुठल्या कंपनीचा ते पाहूनच आकडा घ्या. सेंटरलॉकची रिंग हाताच्या अंदाजाने आवळलेली असेल तर ती हमखास कमी भरते.

इथे गोव्याच्या हवेचा एक मुद्दा आहे. रोटर पोलादाचा, हब अ‍ॅल्युमिनियमचा, आणि मध्ये खारट दमट हवा. दोन धातूंच्या सांध्यात पांढरी भुकटी धरते आणि रोटरला एका बाजूने उचलते. बोल्ट घट्ट असूनही रोटर डोलत राहतो. कोलवा-मिरामारच्या ओल्या वाळूत किंवा दिवाडी-चोडणच्या खाजन बांधांवरच्या खाऱ्या चिखलात फिरणाऱ्या सायकलींचे रोटर वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, काढून पाहावेत. हबची बैठक कोरड्या नायलॉन ब्रशने साफ करा आणि अल्कोहोलने पुसा. रोटर परत बसवताना बोल्टना निळं थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव) लावा आणि समोरासमोरचे बोल्ट जोडीने, दोन-तीन टप्प्यांत आवळा. बैठकीत अडकलेला लाल मातीचा एक कणसुद्धा रोटर तिरका करायला पुरेसा असतो.

तिसरी पायरी : रोटर नजरेखालून घालणं

चाक काढा. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर पॅडमध्ये लगेच प्लॅस्टिकची पट्टी घाला आणि चुकूनही लिव्हर दाबू नका.

रोटर उजेडात तिरका धरून फिरवा. पॅडच्या आकाराचा, म्हणजे साधारण दोन-अडीच सेंटिमीटर लांबीचा गडद ठसा दिसतो का? तो ठसा मार्करच्या खुणेपाशी असेल तर कारण जवळपास सापडलं. असा ठसा दोन प्रकारे पडतो. एक, तापलेला ब्रेक दाबून धरून सायकल उभी करणं. चोर्ला गाव सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, तिथून सत्तरीतल्या केरीकडे लांब उतार आहे, आणि मधल्या वळणांवर लोक फोटोसाठी थांबतात. लिव्हर दाबून उभं राहिलं की तापलेला पॅड त्याच जागी रोटरवर आपला पदार्थ सोडतो. दुसरा प्रकार गंजाचा. सायकल धुऊन किंवा भर पावसातून आणून तशीच ठेवली की पॅडखाली खारं पाणी अडकून राहतं. रोटर स्टेनलेस पोलादाचा असला तरी ब्रेकला लागणारं ते कडक पोलाद पूर्ण गंजरोधक नसतं, स्वस्त रोटरचं तर मुळीच नाही.

ठिपक्याठिपक्यांचे चकाकते डाग असतील तर तेल. पावसाळ्यात गंज लागू नये म्हणून साखळीवर मारलेला स्प्रे हे त्याचं नेहमीचं मूळ. मागच्या रोटरवर तो उडतोच. स्प्रे मारायचाच असेल तर फडक्यावर मारा आणि फडक्याने साखळी पुसा. फेरीबोटीत सायकल आडवी टाकू नका, तळावर डिझेल आणि ग्रीस असतं.

पॅडचा पट्टा रोटरवर कुठे चालतो तेही बघा. तो बाहेरच्या कडेपासून फार तर १ मिमी आत असावा. पॅड कडेबाहेर लोंबत असेल तर पॅडला खाच पडून ओठ तयार होतो. मग लाटेसारख्या कडेचा रोटर त्या ओठाला दर लाटेला ठोकतो. उलट पॅड फार आत असेल तर तो दांड्यांच्या मुळांना घासतो. दोन्हींतून ती भरभर येणारी थरथर जन्मते. याचं मूळ बहुधा चुकीच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये असतं. २०० मिमी आणि २०३ मिमीचे रोटर दुकानात एकमेकांच्या जागी दिले जातात. त्रिज्येत दीड मिलिमीटरचा फरक पडतो, आणि पॅडसाठी तो खूप आहे. माप रोटरवर कोरलेलं असतं, वाचून घ्या.

भोकांपासून निघालेली तडे जाण्याची बारीक रेघ दिसली तर पुढची तपासणी थांबवा. तो रोटर त्याच दिवशी बदलायचा.

चौथी पायरी : डोल किती

चाक परत बसवा. फोर्कवर, आणि मागच्या चाकासाठी चेनस्टेवर (फ्रेमच्या मागच्या खालच्या नळीवर), केबल टाय बांधून त्याचं टोक कापा आणि ते रोटरच्या पट्ट्याजवळ आणा. चाक हळू फिरवा आणि टाय व रोटरमधली फट बघा. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळी मापक) असेल तर फारच छान, पण त्याचा चुंबकी स्टँड अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला चिकटत नाही, क्लॅम्पचा स्टँड लागेल.

एकूण डोल ०.२ ते ०.३ मिमीच्या आत असेल तर रोटर सोडून द्या. पॅड आणि रोटर यांमध्ये दर बाजूला साधारण तेवढीच मोकळीक असते.

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये डोलाने थेट धडधड होत नसली तरी तो दुर्लक्षून चालत नाही. ब्रेक न दाबताही डोलणारा रोटर दर फेरीला त्याच जागी पॅडला घासत राहतो. आपल्याकडची जांभ्याची लाल धूळ, तिच्यातले वाळूचे कण आणि पावसाळ्यातलं पाणी मिळून तिथे घासपूड तयार होते. तेवढीच जागा झिजून पातळ होते. आज नुसता खर्र आवाज करणारा रोटर काही महिन्यांनी खरोखर धडधडू लागतो तो असा. डिचोली-सांगे पट्ट्यातल्या खाणींच्या रस्त्यांवर चालणाऱ्या सायकलींना हे विशेष लागू.

पाचवी पायरी : जाडी मोजणं

सगळ्या तपासणीत हेच माप निर्णायक आहे, आणि ते व्हर्नियरने घेण्याची चूक फार होते. रोटरच्या बाहेरच्या कडेला न झिजलेली बारीक किनार उरलेली असते. व्हर्नियरचे लांब जबडे त्या किनारीवर टेकतात आणि झिजलेला रोटरही नव्यासारखी जाडी दाखवतो. मायक्रोमीटरचं तोंड लहान आणि गोल असतं, ते किनारीच्या आत, नेमकं पॅडच्या पट्ट्यावर बसतं. तुमच्याकडे नसेल तर वेर्णा, कुंडई किंवा कुर्टीच्या बाजूला एखाद्या लेथवाल्याकडे रोटर घेऊन जा, काम पाच मिनिटांचं आहे. मात्र त्याला फक्त मोजायला सांगा. रोटर लेथवर चढवून सपाट करून घेऊ नका. इतका पातळ, भोकांचा पत्रा हत्याराखाली दबतो आणि आधीपेक्षा वाईट होतो, शिवाय काढायला धातू उरलेलाच नसतो.

रोटर अल्कोहोलने पुसा. परिघावर सारख्या अंतराने आठ जागा ठरवा आणि दांड्यांवर १ ते ८ आकडे घाला. दर जागी भोकं टाळून, रॅचेटने आवळून माप घ्या. समजा आकडे असे आले : १.७२, १.७१, १.७२, १.६९, १.६५, १.६६, १.७०, १.७२. पाचव्या जागेकडे जाडी हळूहळू उतरते आणि परत चढते, फरक ०.०७. ही झीज आहे, आणि चाक अडकल्याची तुमची मार्करची खूण पाचव्या जागेपासून दूर, जाड भागात सापडली तर शंकेला जागा उरत नाही.

फरक ०.०२ च्या आत असेल तर जाडी निर्दोष समजा. ०.०३ ते ०.०५ मध्ये हलकी धडधड जाणवते, तिथे आधी थर काढून बघा. त्याहून जास्त असेल तर रोटर बदला, पॉलिश पेपर घासून ही दरी भरत नाही.

किमान जाडीही याच वेळी तपासा. शिमानोचे रोटर नवे असताना १.८ मिमी असतात आणि १.५ ला बदलायचे असतात. मागुराचे २.० चे असतात आणि १.८ ला बदलायचे. किमान आकडा बहुतेक रोटरवर कोरलेला असतो. जाडी अपेक्षेपेक्षा फार लवकर उतरली असेल तर रोटरवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ लिहिलंय का पाहा. शिमानोच्या स्वस्त रोटरवर ते असतं. त्यांवर मेटल पॅड चालवले की मऊ पोलाद भराभर झिजतं.

सहावी पायरी : थर पकडणं

जाडी ठीक, डोल ठीक, सगळं घट्ट, तरी हिसके येतात? मग थर. थर इतका पातळ असतो की मायक्रोमीटरलाही तो सापडेलच असं नाही.

पॅडच्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी मार्करने पूर्ण रंग भरा आणि सुकू द्या. चाक बसवून सायकल ढकलत दहा-बारा पावलं चाला, ब्रेक अगदी हलका. आता रोटर पाहा. रंग कुठे आधी पुसला गेला? त्या उंच किंवा जास्त पकड असलेल्या जागा. रंग सगळीकडे सारखा उडाला असेल तर थर निर्दोष. एका भागात लख्ख आणि बाकी ठिकाणी रंग तसाच असेल तर दुखणं हातात आलं. एकाच बाजूचा रंग गेला असेल तर कॅलिपर तिरका आहे किंवा एक पिस्टन अडकतोय. पॅड काढून बघा, ते एका टोकाला पाचरीसारखे झिजलेले सापडतील.

मित्राच्या सायकलला त्याच मापाचा रोटर आणि तसाच हब असेल तर चाकांची अदलाबदल करून दोन-चारशे मीटर चालवून बघा. धडधड चाकाबरोबर गेली तर रोटर, सायकलवरच राहिली तर फोर्क, हेडसेट किंवा कॅलिपर. याहून सरळ पुरावा नाही.

थर आणि गंज कसा काढायचा

रोटर हबवरून काढा आणि सपाट फरशीवर ठेवा. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने, लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर तो गुंडाळून, पट्टा गोल गोल घासा. बोटाने दाबून एकाच डागावर घासू नका, तिथे खड्डा पडतो. पूर्ण परिघावर सारख्या फेऱ्या द्या आणि दोन्ही बाजूंना तेवढ्याच. चमक जाऊन एकसारखा राखाडी रंग दिसला की थांबा. नंतर फडकं अल्कोहोलमध्ये भिजवून पुसा, आणि फडक्यावर काळं येणं बंद होईपर्यंत फडकं बदलत राहा.

पॅडही सोडू नका, जुना थर त्यांच्यावरही आहे. १२० नंबरचा पेपर काचेच्या तुकड्यावर किंवा टाइलवर ठेवा आणि पॅड इंग्रजी आठच्या आकारात घासा. चकाकी गेली की पुरे. पेपर ओला ठेवा आणि मास्क लावा, ती पूड श्वासात जाऊ नये. पॅडचा घर्षणाचा थर ०.५ मिमीपर्यंत आला असेल तर घासण्यात वेळ घालवू नका, नवे घ्या. तेल मुरलेला रेझिन पॅडही टाकूनच द्या. गॅसवर भाजून तेल काढायचा उपाय ऐकिवात येतो, पण त्याने पॅडमधला चिकटपणाच जळतो आणि घर्षणाचा थर पत्र्यापासून सुटू शकतो. घाटात असा पॅड नको.

रोटर सरळ करायचाच असेल तर

डोल खरोखर ०.३ च्या वर असेल तेव्हाच. रोटर पूर्ण थंड हवा. रोटर वाकवायची खाचवाली पट्टी मिळते, ती नसेल तर स्वच्छ पुसलेला स्क्रू पाना चालतो. केबल टायच्या मदतीने सगळ्यात बाहेर आलेली जागा शोधा आणि तिच्या जवळच्या दांडीपाशी हलकेच दाबा. पट्ट्यावर दाबलं तर तिथे नवी चुणी पडते. एका वेळी अगदी थोडं, मग चाक फिरवून बघायचं, मग पुन्हा थोडं. तीन-चार प्रयत्नांत सुधारणा दिसत नसेल तर थांबा. पुन्हा पुन्हा वाकवलेला रोटर पहिल्या गरम उतारावर परत फिरतो.

त्यानंतर कॅलिपर मधोमध आणा. त्याचे दोन बोल्ट अर्धा फेरा ढिले करा, लिव्हर घट्ट दाबून धरा आणि बोल्ट आळीपाळीने आवळा. बोल्ट शेवटी आवळताना कॅलिपर त्यांच्याबरोबर फिरतो, म्हणून फटी डोळ्यांनी पुन्हा तपासा. मागे पांढरा कागद धरला की दोन्ही बाजूंच्या फटी स्पष्ट दिसतात.

बेडिंग : नवा थर सारखा बसवणं

थर काढला किंवा नवा रोटर बसवला की ब्रेकला सुरुवातीला जेमतेम पकड असते. त्या अवस्थेत थेट उतारावर जाऊ नका. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी २० किमी वेग घ्या, एकच ब्रेक एकसारखा दाबा आणि चालण्याच्या वेगापर्यंत या. पूर्ण थांबायचं नाही, चाक लॉक होऊ द्यायचं नाही. असं दहा-बारा वेळा. मग ताशी ३० वरून आणखी दहा वेळा. दुसऱ्या ब्रेकसाठी पुन्हा सगळं पहिल्यापासून. मध्ये थांबावंच लागलं तर लिव्हर सोडा आणि पायाने सायकल धरा, नाहीतर नव्या थरावर पहिलाच ठसा तिथे उमटेल. घाट उतरतानाही हाच नियम ठेवा. थांबायचं असेल तर सपाट जागा गाठा, लिव्हर सोडा आणि सायकल दोन पावलं पुढेमागे करत राहा, म्हणजे तापलेला रोटर एकाच जागी पॅडखाली राहत नाही.

भर पावसात बेडिंग करू नका, ओल्या रोटरवर थर नीट बसत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये दोन सरींमधला कोरडा तास शोधा. तोही नसेल तर पार्किंगच्या छपराखाली जमेल तेवढ्याच वेगाने, पण जास्त वेळा करा.

शेवटी पहिल्या पायरीतला तोच उतार पुन्हा उतरा, एकेका ब्रेकवर. धडधड नाहीशी झाली असेल तर पन्नासेक किलोमीटरनंतर रोटरचे आणि कॅलिपरचे बोल्ट टॉर्क पान्याने एकदा तपासा. उरली असेल आणि रोटर नवा असेल तर परत दुसऱ्या पायरीवर जा. या वेळी हबची बैठक आणि फोर्कचे बुश आधी बघा.